व्हेंटिलेटरबाबत बोलणारा नेमता येतो, एफडी मोडणारा नाही! मुखत्यारपत्र ऐन गरजेला का संपतं?

समजा, बोरिवली पश्चिमेतली चाळीस वर्षं जुनी, लिफ्ट नसलेली एक सोसायटी आहे. पुनर्विकासाला सर्वसाधारण सभेत मंजुरी मिळाली, विकासक ठरला. आता प्रत्येक सभासदाने नव्या घराच्या करारावर सही करून तो दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवायचा आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांना तीन वर्षांपासून डिमेन्शिया आहे. सही ते आजही झोकात करतात, पण कशावर करतोय ते त्यांना समजत नाही. मुलगा मात्र निर्धास्त आहे. पाच वर्षांपूर्वी, वडील ठणठणीत असताना, त्याने त्यांच्याकडून रीतसर नोंदणीकृत कुलमुखत्यारपत्र करून घेतलंय. विकासकाचे वकील कागद वाचतात आणि विचारतात, "आजोबांची तब्येत कशी आहे आता?" मुलगा खरं ते सांगतो. त्याच क्षणी त्याच्या हातातल्या मुखत्यारपत्राचा उपयोग संपतो.

प्रसंग उदाहरणादाखल घेतलेला आहे. पण पुनर्विकासाने ढवळून निघालेल्या अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपरमध्ये तो कुणालाही परका वाटणार नाही. सत्तर-ऐंशीच्या दशकात घेतलेली घरं, एकाच नावावरचं शेअर सर्टिफिकेट, ऐंशीच्या उंबरठ्यावरचे मालक आणि मुलं पुण्यात, बंगळुरूत नाहीतर न्यू जर्सीत. साठ वर्षांवरच्या भारतीयांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका राष्ट्रीय पातळीवरच्या अभ्यासात मांडला गेला. पक्षाघात, अपघात, कोमा हे त्यात धरलेलं नाही.

मुखत्यारपत्र नेमकं कधी संपतं?

मुखत्यारपत्र म्हणजे कायद्याच्या भाषेत एजन्सी. आपल्या वतीने काम करायला दुसऱ्याला दिलेला अधिकार. हा अधिकार भारतीय करार कायदा, १८७२ च्या चौकटीत बसतो आणि याच कायद्याचं कलम २०१ सांगतं की, अधिकार देणारी किंवा घेणारी व्यक्ती मरण पावली अथवा मानसिकदृष्ट्या अक्षम झाली की एजन्सी संपुष्टात येते. यामागचा तर्क सरळ आहे. मुखत्याराचा हात हा मालकाचाच हात. मालक स्वतः करार करू शकत नसेल, तर त्याचा हात तरी कसा करणार?

अडत्या आणि गुमास्त्यांच्या व्यवहाराला हा तर्क शोभतो. घरच्यांच्या दृष्टीने मात्र तो उलटा पडतो. आई-वडील मुखत्यारपत्र करून देतात ते "उद्या मला काही झालं तर" या विचाराने. आणि 'काही झालं' की नेमकं तेव्हाच ते संपतं. पाऊस सुरू झाला की मिटणारी छत्री म्हणा हवं तर.

इथे एक फरक लक्षात ठेवायला हवा, कारण बऱ्याच घरांत त्यात गल्लत होते. पक्षाघाताने उजवा हात गेला, बोलणं अडखळतंय, पण समज शाबूत आहे, अशा वेळी मुखत्यारपत्र चालू राहतं. शरीर अक्षम होणं आणि समज जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सही करता येत नसलेल्या वृद्ध किंवा आजारी खातेदारासाठी रिझर्व्ह बँकेच्या सूचनाही आहेत. हाताच्या किंवा पायाच्या अंगठ्याचा ठसा दोन साक्षीदारांसमोर घेऊन पैसे काढता येतात, त्यातला एक साक्षीदार बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. अंगठाही उठवता येत नसेल तर साक्षीदारांसमोर केलेली साधी खूणही चालते. काउंटरवर ही माहिती स्वतःहून मिळेलच असं नाही, त्यामुळे ती घरच्यांनी माहीत करून घेतलेली बरी.

आणखी एक गैरसमज इंटरनेटवरच्या आयत्या मसुद्यांनी पसरवलाय. "मी अक्षम झालो तरी हे मुखत्यारपत्र लागू राहील" अशी ओळ परदेशी नमुन्यातून उचलून आपल्याकडच्या कागदात टाकली जाते. मुद्रांक लावला, नोटरी केली, नोंदणी केली, तरी त्या ओळीच्या भरवशावर कलम २०१ ओलांडता येत नाही. कागद भारदस्त दिसतो, एवढंच.

बाबांचा मोबाइल, मुलाची बोटं

मग घरोघरी कसं चालतं? मोबाइलवर. बाबांचा फोन मुलगी किंवा सून सांभाळते. नेटबँकिंगचा पासवर्ड डायरीत, यूपीआयचा पिन तोंडपाठ, ओटीपी हातातल्याच फोनवर. लाइट बिल, औषधं, रात्रपाळीच्या केअरटेकरचा पगार, सोसायटीचा मेंटेनन्स, सगळं बाबांच्या खात्यातून जातं. बँकेच्या सिस्टीमला दिसतं की खातेदाराने स्वतः व्यवहार केला. प्रत्यक्षात खातेदाराला वर्षभरापूर्वीपासून स्वतःच्या बँकेचं नावही आठवत नाही.

यात वाईट हेतू बहुतेक ठिकाणी नसतो. पण ही व्यवस्था किती ठिसूळ आहे बघा. सिम बंद पडलं, फोन बदलला, केवायसी नव्याने मागितली, की सगळं एका झटक्यात अडतं. भावंडांत बिनसलं तर प्रत्येक व्यवहाराचा हिशेब त्या एकाच व्यक्तीच्या गळ्यात पडतो, आणि तिच्याकडे अधिकाराचा एकही कागद नसतो. जिने सात वर्षं आईची सेवा केली तिलाच शेवटी "तू पैसे काढलेस" हे ऐकावं लागतं.

करार कायद्यातली पुढची तरतूद तर याहून विचित्र परिणाम घडवते. कलम २०८ नुसार, एजन्सी संपल्याचं तिसऱ्या पक्षाला समजेपर्यंत त्याच्यापुरती ती संपलेली धरली जात नाही. म्हणजे बोरिवलीतल्या त्या मुलाने वकिलांच्या प्रश्नावर "बाबा गावी गेलेत" असं सांगून वेळ मारून नेली असती, तर करार कदाचित पार पडला असता. पुढे कुणी आव्हान दिलं असतं तर प्रकरण त्याच्यावर शेकलं असतं, हा भाग वेगळा. पण त्या टेबलावर अडला तो खरं बोलणारा.

नॉमिनी चार, तरी उपयोग शून्य

गेल्या काही काळात नॉमिनेशनच्या नियमांत मोठे बदल झाले. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चारपर्यंत नॉमिनी लावता येतात. चांगलंच आहे. पण नॉमिनी एक असो वा चार, त्यांचा अधिकार खातेदाराच्या मृत्यूनंतरच सुरू होतो. मृत्युपत्राचंही तेच. मुखत्यारपत्र समज शाबूत असेपर्यंत, नॉमिनेशन आणि मृत्युपत्र मृत्यूनंतर. मधली पाच, दहा, कधी पंधरा वर्षं, ज्यात माणूस जिवंत आहे पण निर्णय घेऊ शकत नाही, त्यांच्यासाठी कुठलाच साधा कागद नाही.

सेबीने या पोकळीच्या अगदी काठापर्यंत मजल मारली. जानेवारी २०२५ च्या परिपत्रकात डिमॅट खातं आणि म्युच्युअल फंडासाठी एक नवी सोय मांडली गेली. गुंतवणूकदार अक्षम झाला तर नॉमिनींपैकी एकाला खातं चालवण्याचा अधिकार देता येईल, किती रकमेपर्यंत तेही ठरवता येईल. वाचून वाटतं, आलंच की आपल्याकडेही! पण अट अशी की गुंतवणूकदार शारीरिकदृष्ट्या अक्षम असला तरी करार करण्याची त्याची क्षमता शाबूत असली पाहिजे. नियामकाची इच्छा असली तरी मूळ कायदा आड येतो तो असा.

मानसिक आरोग्य कायद्यात तरी काही असेल, अशी अपेक्षा रास्त आहे. १९८७ च्या जुन्या कायद्यात जिल्हा न्यायालयाला मनोरुग्णाच्या मालमत्तेसाठी पालक किंवा व्यवस्थापक नेमता येत असे. त्याची जागा घेणाऱ्या २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाला आगाऊ सूचना लिहून ठेवण्याचा आणि प्रतिनिधी नेमण्याचा हक्क दिला. ही खरोखर मोठी सुधारणा होती. मात्र तो प्रतिनिधी उपचारांपुरता. मालमत्तेचं जुनं प्रकरण नव्या कायद्यात आलंच नाही. एक दार उघडताना दुसरं बंद झालं आणि त्याची फारशी चर्चाही झाली नाही.

अरुणा शानबाग ते वॉर्ड ऑफिस

"स्वतः बोलू न शकणाऱ्या माणसाच्या वतीने कुणी बोलायचं?" हा प्रश्न मुंबईला नवा नाही. केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर नोव्हेंबर १९७३ मध्ये हल्ला झाला आणि मे २०१५ मध्ये मृत्यू होईपर्यंत त्या त्याच रुग्णालयात अंथरुणाला खिळून होत्या. लेखिका-पत्रकार पिंकी विराणी यांनी त्यांच्या वतीने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. ७ मार्च २०११ च्या निकालात न्यायालयाने याचिका फेटाळली, पण त्याआधी अरुणा यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार नेमका कुणाचा, हे न्यायालयाला ठरवावं लागलं. उत्तर होतं, इतकी वर्षं त्यांची शुश्रूषा करणारे केईएमचे कर्मचारी. अरुणा यांना स्वतःला काय हवं असतं, हे सांगणारा कागद कुठेच नव्हता. १९७३ मध्ये तसा कागद करायची सोयही नव्हती.

आज ती सोय आहे. ९ मार्च २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने 'लिव्हिंग विल'ला मान्यता दिली आणि प्रक्रिया फारच किचकट असल्याचं लक्षात आल्यावर २४ जानेवारी २०२३ ला ती सोपी केली. आधी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी लागायची. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसे आहेत. बरं होण्याची आशा संपली असेल तर कोणते उपचार नकोत, हे त्यात लिहिता येतं. आपल्या वतीने बोलणाऱ्या एक किंवा अधिक विश्वासू व्यक्तींची नावंही देता येतात. प्रत्यक्ष अंमल करताना रुग्णालयाच्या दोन वैद्यकीय मंडळांची संमती लागते आणि प्रत्येक मंडळाने शक्यतो ४८ तासांत मत द्यावं, असं न्यायालयाने म्हटलंय.

लिव्हिंग विलची प्रत स्थानिक स्वराज्य संस्थेच्या अधिकाऱ्याकडे ठेवायची असते. तो अधिकारीच नेमलेला नव्हता! मुंबईतील स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. निखिल दातार यांनी याविरोधात मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली आणि त्यानंतर यंत्रणा हलली. महापालिकेने वॉर्डांच्या वैद्यकीय आरोग्य अधिकाऱ्यांवर ही जबाबदारी सोपवली. अंधेरी पश्चिमेसाठी के पश्चिम, बोरिवलीसाठी आर मध्य, मुलुंडसाठी टी, घाटकोपरसाठी एन वॉर्ड. शेजारच्या गोव्यात २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाचे न्यायमूर्ती एम. एस. सोनक यांनी स्वतःचं लिव्हिंग विल करून सुरुवात करून दिली.

म्हणजे आजची परिस्थिती अशी आहे. घाटकोपरमधली एखादी सत्तर वर्षांची आजी आपला व्हेंटिलेटर कधी काढावा याबाबत बोलणारा माणूस आज कायदेशीररीत्या नेमू शकते. पण त्याच व्हेंटिलेटरचं बिल भरण्यासाठी तिची एफडी मोडू शकेल असा माणूस नेमू शकत नाही. मरणाचा निर्णय जास्त गंभीर की एफडीचा, हे सांगायला कायदा शिकायची गरज नाही.

शेवटचा रस्ता फोर्टात जातो

घरातला माणूस अक्षम झालाच आणि हातात काही नसेल, तर उरतो उच्च न्यायालयाचा मार्ग. कोमातील व्यक्तीसाठी पालक नेमण्याची तरतूद कुठल्याही कायद्यात नसल्याने संविधानाच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात जावं लागतं आणि न्यायालय 'जो असहाय आहे त्याचा पालक राज्य' या जुन्या तत्त्वावर अधिकार वापरतं. मुंबई उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये कोमातील पतीची पालक म्हणून पत्नीची नेमणूक केली. २०२० च्या निकालात न्यायालयाने कायद्यातल्या या पोकळीची सविस्तर चर्चा केली. केरळ उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये अशा प्रकरणांसाठी मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. डॉक्टरांची तपासणी, महसूल अधिकाऱ्यांची प्रत्यक्ष भेट आणि पालकाने दर सहा महिन्यांनी हिशेब देणं, हे त्यात आहे.

न्यायालयांनी सहानुभूतीने वागूनही हा रस्ता सामान्य माणसाचा नाही. ज्या बाईचा नवरा आयसीयूमध्ये आहे, तिने वकील शोधायचा, वैद्यकीय मंडळाचा अहवाल मिळवायचा, सगळ्या वारसांची संमती गोळा करायची आणि तारखा सांभाळायच्या. हे सगळं नवऱ्याच्या स्वतःच्या पैशाला त्याच्याच उपचारासाठी हात लावता यावा म्हणून. मद्रासमध्ये २०२४ साली एका पत्नीला एकल न्यायाधीशांनी दिवाणी न्यायालयाचा रस्ता दाखवला होता. खंडपीठाने तो निर्णय फिरवून तिला पालक नेमलं आणि पतीची मालमत्ता विकायची परवानगी दिली. एकाच उच्च न्यायालयात दोन उत्तरं मिळत असतील, तर कायदा अपुरा आहे, एवढाच त्याचा अर्थ.

लंडनमधल्या भावाकडे आहे, मुलुंडमधल्या बहिणीकडे नाही

इंग्लंड आणि वेल्समध्ये हा प्रश्न १९८५ मध्येच कायद्याने हाताळला गेला. २००५ च्या मेंटल कपॅसिटी अॅक्टने आधीची पद्धत बदलली आणि ऑक्टोबर २००७ पासून 'लास्टिंग पॉवर ऑफ अॅटर्नी' सुरू झाली. त्यात दोन वेगळे कागद असतात, एक मालमत्ता आणि पैशांसाठी, दुसरा आरोग्य आणि देखभालीसाठी. देणाऱ्याला आपण काय करतोय हे समजतंय आणि त्याच्यावर दबाव नाही, असं तिसऱ्या व्यक्तीने प्रमाणित करावं लागतं. पब्लिक गार्डियन कार्यालयात नोंदणी झाल्याशिवाय कागद वापरता येत नाही आणि तक्रार आली तर हेच कार्यालय चौकशी करतं. सिंगापूरनेही २००८ मध्ये याच धर्तीवर कायदा केला. करार कायदा आपण इंग्रजांकडून घेतला. त्यांनी स्वतःची चूक दुरुस्त केली, आपण जुनीच प्रत वापरतोय.

यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. घरावर डोळा ठेवणारी मुलं, सह्या करून घेणारे पुतणे, भोळ्या आईला निबंधक कार्यालयात घेऊन जाणारा जावई. असा टिकाऊ अधिकार दिला तर म्हाताऱ्या माणसांची लूट होणार नाही का? होऊ शकते. पण आजची ओटीपीवाली व्यवस्था काय संरक्षण देते? तिच्यावर तर कुणाचीच नजर नाही. नोंदणी, स्वतंत्र डॉक्टरचं प्रमाणपत्र, घर विकण्यावर वेगळं बंधन आणि वर्षाला हिशेब, एवढं असेल तर नवा अधिकार आजच्यापेक्षा सुरक्षितच ठरेल.

यासाठी दिल्लीकडे डोळे लावून बसायलाच हवं असंही नाही. करार आणि एजन्सी हे विषय संविधानाच्या समवर्ती सूचीत आहेत. विधानसभा कलम २०१ मध्ये महाराष्ट्रापुरती दुरुस्ती करू शकते, राष्ट्रपतींची संमती मात्र लागेल. यंत्रणा तर तयार आहे. दस्त नोंदवताना फोटो आणि अंगठ्याचा ठसा घेणारी दुय्यम निबंधक कार्यालयं आहेत, आजारी माणसाच्या घरी जाऊन नोंदणी करणारी गृहभेटीची सोय आहे. पुनर्विकासाच्या प्रत्येक निवडणुकीत गप्पा मारणाऱ्या उपनगरांतल्या आमदारांपैकी एकाने तरी हा विषय उचलायला हरकत नाही.

तोपर्यंत घरी काय करता येईल?

पूर्ण उपाय नाही, पण ठिगळं लावता येतात. खातं 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' पद्धतीने संयुक्त असेल तर रोजचा खर्च अडत नाही. मुदत ठेव आधी मोडायची झाली तर बँका बहुधा दोघांच्याही सह्या मागतात, म्हणून सगळे पैसे एकाच मोठ्या एफडीत अडकवू नयेत. सोसायटीत पुनर्विकासाची नुसती कुजबुज सुरू झाली तरी ज्येष्ठ सभासदाच्या घराचे कागद आधी बघावेत. करारावर सही होईपर्यंत काही वर्षं जातात, आणि डिमेन्शिया तेवढा वेळ थांबत नाही.

घर मुलांच्या नावे बक्षीसपत्राने करून देण्याचा सल्ला हमखास मिळतो. महाराष्ट्रात मुलांना किंवा पती-पत्नीला राहतं घर बक्षीस देताना मूळ मुद्रांक शुल्क अवघं २०० रुपये आहे, त्यामुळे मोह होतो. घाई करू नये. द्यायचंच असेल तर सांभाळ करण्याची अट दस्तातच लिहावी. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली ती मोडल्यास बक्षीसपत्र रद्द करून घेता येतं आणि जानेवारी २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे कलम ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे वाचलंय. मालमत्ता मोठी असेल तर खासगी ट्रस्टचा पर्याय आहे, पण तो वकील आणि सीएच्या फीसकट परवडायला हवा.

डिमेन्शियाचं निदान झालं म्हणजे त्याच दिवशी सगळं संपलं, असंही समजू नये. करार कायद्याचं कलम १२ सही करतानाची समज बघतं. सुरुवातीच्या टप्प्यात माणूस व्यवस्थित निर्णय घेऊ शकतो. त्या काळात संयुक्त खातं, मृत्युपत्र, लिव्हिंग विल उरकून घेता येतं. त्याच दिवशीचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र सोबत असलं तर पुढे वाद कमी होतात.

बोरिवलीच्या त्या आजोबांसाठी हे सगळं उशिराचं आहे. त्यांच्या मुलासमोर आता उच्च न्यायालयातली याचिका आहे. बाकीच्या सभासदांचे करार नोंदवून झालेत, इमारत रिकामी करायची नोटीस जिन्यात लागली आहे, आणि तिसऱ्या मजल्यावर आजोबा रोज सकाळी विचारतात की हे सगळे लोक सामान घेऊन चाललेत कुठे.